लिहिलं हजार, पोचलं चारशे वीस : मेंदूला मार लागलेल्या एका रुग्णाचं आहार-प्रकरण

(मी आयसीयूत आहारतज्ज्ञ आहे. ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे आणि रुग्णालयाचे तपशील बदलले आहेत. दोन-तीन ठिकाणी दुसऱ्या रुग्णांचे अनुभवही यात मिसळले आहेत.)

रुग्ण ३८ वर्षांचा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावचा, प्लंबिंगची कामं करणारा. उसाचा हंगाम होता. रात्री साडेनऊच्या सुमारास दुचाकीवरून घरी येताना रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता आणि याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. आमच्याकडे पोचला तेव्हा शुद्धीच्या पंधरा गुणांच्या मापावर तो सहावर होता. सीटीमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला आवरणाखाली रक्ताची मोठी गुठळी, कपाळामागच्या भागात ठेचल्याच्या खुणा, कवटीच्या तळाला तडा, आणि मेंदू मधल्या रेषेपासून ९ मिलिमीटर सरकलेला. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून कवटीचा डावीकडचा तुकडा काढला आणि त्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी हाडाचा तुकडा असाच जपतात. नातेवाइकांना हे सांगताना दरवेळी एकच प्रश्न येतो : डोक्याचं हाड पोटात कसं राहील?

माझं काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झालं.

पहिली अडचण वजनाची. बेशुद्ध माणसाला काट्यावर उभं करता येत नाही आणि आमच्या त्या खाटेला वजनाची सोय नव्हती. बायको म्हणाली, "पंचावन्न-छप्पन असेल, पण दिवाळीपासून उतरलेत." दंडाचा घेर घेतला, उंची १६८ सेंटिमीटर भरली, आणि ५४ किलो धरून चाललो. "दिवाळीपासून उतरलेत" हे मी वहीत लिहिलं खरं, पण का उतरले ते विचारलं नाही. या चुकीकडे पुढे येतेच.

दुसरी अडचण नळीची. दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं झालेलं, आणि नाकातून पाण्यासारखा स्राव येत होता. कवटीच्या तळाला तडा असल्याची ही लक्षणं. अशा रुग्णाला राईल्स नळी, म्हणजे जठरात अन्न पोचवणारी नळी, नाकातून घालत नाहीत. ती तड्यातून थेट कवटीत शिरल्याची प्रकरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. म्हणून नळी तोंडातून जठरात घातली. अपघातानंतर ३६ तासांच्या आत, रक्तदाब स्थिर झाल्यावर, ताशी २० मिलीने फीड, म्हणजे नळीतून जाणारं पातळ अन्न, सुरू झालं.

इतकी घाई कशासाठी, हे नातेवाईकच नव्हे, कधीकधी आमचे नवे रेसिडेंटही विचारतात. निपचित पडलेल्या माणसाला कसली भूक? पण मेंदूला जबर मार लागला की शरीर वणव्यासारखं पेटतं. गुंगीत नसलेल्या अशा रुग्णाचा ऊर्जाखर्च अपेक्षेच्या १४० टक्क्यांच्या आसपास जातो; गाढ गुंगी दिली की तो बराच खाली येतो. त्याहून वाईट हाल स्नायूंचे. धडधाकट माणूस उपाशी राहिला तर दिवसाला ३ ते ५ ग्रॅम नायट्रोजन गमावतो, मेंदूला मार लागलेला उपाशी रुग्ण १४ ते २५ ग्रॅम. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सव्वासहा ग्रॅम प्रथिनं, म्हणजेच ३० ग्रॅमच्या आसपास मांस. छातीचे, श्वासाचे स्नायूही त्यातच आले. ते झिजले की व्हेंटिलेटर सुटायला उशीर, आणि उशीर झाला की न्यूमोनिया दारात उभाच.

न्यूयॉर्क राज्यातल्या २२ ट्रॉमा केंद्रांतल्या ७९७ रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये आला. पाच दिवसांत फीड सुरू न झालेल्यांत मृत्यूची शक्यता दुप्पट आणि सात दिवसांत न झालेल्यांत चौपट दिसली. ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं त्याला धरूनच सांगतात, की उशिरात उशिरा सातव्या दिवसापर्यंत, आणि जमल्यास पाचव्याच, रुग्णाची मूळ ऊर्जेची गरज भागायला हवी. हा अभ्यास मला पटतो, पण त्यात एक मेख आहे. जास्त आजारी माणसाला फीड देणंच अवघड जातं, त्यामुळे मृत्यू कमी फीडमुळे झाला की गंभीर दुखापतीमुळे, हे पूर्ण वेगळं करता येत नाही. आकडे सांगताना ही मेख सहसा गाळली जाते.

उद्दिष्ट असं ठरलं : किलोमागे २५ कॅलरी म्हणजे १३५०, आणि प्रथिनं दीड ग्रॅमच्या हिशेबाने ८१. गुंगीसाठी प्रोपोफोल ताशी ८ मिलीने चालू होतं. हे औषध चरबीच्या दुधाळ द्रावणात येतं आणि त्याच्या प्रत्येक मिलीत १.१ कॅलरी असते. दिवसाच्या दोनशेवर कॅलरी अशा शिरेतूनच जात होत्या. त्या धरल्या नाहीत तर माणूस जास्त खातो. धरून फीड कमी केलं तर प्रथिनं कमी पडतात, कारण प्रोपोफोलमध्ये प्रथिनाचा कणही नसतो. म्हणून जास्त प्रथिनांचं फीड घेतलं, मिलीला एक कॅलरी आणि १०० मिलीत ६ ग्रॅम प्रथिनं. ते दिवसाला १००० मिली, आणि वरून व्हे पावडरीची (दुधातल्या प्रथिनांची भुकटी) १०-१० ग्रॅम प्रथिनं दोन वेळा. कागदावर हिशेब चोख बसला.

तिसऱ्या दिवसाचा तक्ता

आमचा तक्ता सकाळी आठ ते आठ चालतो. चौथ्या दिवशी सकाळी तो हातात घेतला आणि खाली बेरीज केली. लिहिलेलं १००० मिली, पोचलेलं ४२०. प्रथिनं ८१ पैकी ३५.

कुणी हलगर्जीपणा केला होता का? नाही. प्रत्येक खाडाखोडीला कारण होतं, म्हणूनच हे प्रकरण लिहावंसं वाटलं. सकाळी ९ वाजता फीड बंद केलं, कारण "सीटीला जायचंय, एनपीओ ठेवा", म्हणजे पोटात काही देऊ नका. सीटीचा नंबर लागला दीड वाजता. परत येऊन फीड सुरू व्हायला साडेतीन वाजले. साडेसहा तास गेले. संध्याकाळी ६ वाजता नळी तुंबली : पोटातल्या ॲसिडवरची गोळी कुटून घातली होती. त्या गोळीला आतड्यात विरघळणारा मुलामा असतो. ती कुटली की औषध वाया जातं आणि मुलाम्याचे कण नळीत अडकतात. कोमट पाणी मागेपुढे करत नळी मोकळी होईपर्यंत दीड तास गेला, आणि व्हेचा एक डोस राहून गेला तो राहिलाच. रात्री २ वाजता जठरातून मागे ओढलेला द्रव भरला २४० मिली. रात्रपाळीच्या सिस्टरला जुना नियम तोंडपाठ होता, दोनशेच्या वर गेलं की फीड होल्ड. डॉक्टरांना उठवावं असं काही नव्हतं, म्हणून राउंडपर्यंत वाट पाहिली. आणखी सहा तास. चोवीसपैकी चौदा तास असे गेले. उरलेले दहा तास पंप ताशी ४२ मिलीने इमानेइतबारे चालला.

यातले बहुतेक तास वाचवता येत होते. श्वासनलिकेत फुगा फुगवून घट्ट बसवलेली नळी असलेल्या रुग्णाला साध्या सीटीसाठी चार-चार तास उपाशी ठेवायची गरज नाही. आडवं करायच्या वेळी फीड थांबवावं, परत आल्यावर डोक्याकडची बाजू ३० अंश उचलून लगेच सुरू करावं. मागे ओढलेला द्रव ५०० मिलीच्या आत असेल आणि उलटी, पोट फुगणं असं काही नसेल, तर नुसत्या आकड्यावरून फीड थांबवू नये, असं मार्गदर्शक तत्त्वं कधीपासून सांगताहेत. कवटीत दाब वाढला की जठर मंदावतं हे खरंच, पण त्यासाठी वेग कमी करता येतो, जठर हलवणारी औषधं आहेत. मेटोक्लोप्रमाइड आम्ही पुढे तीन दिवस दिलं. त्याने आकडीचा धोका थोडा वाढू शकतो म्हणून न्यूरोसर्जनला विचारूनच.

आकडीवरून आठवलं. कॅज्युअल्टीत त्याला फेनिटोइन सुरू झालं होतं. शिरेतून होतं तोवर प्रश्न नव्हता, पण चौथ्या दिवशी ते नळीतून द्यायचं ठरलं. फेनिटोइन फीडबरोबर गेलं की नीट शोषलं जात नाही, म्हणून आधी दोन तास आणि नंतर दोन तास फीड बंद ठेवायची पद्धत आहे. दिवसातून तीन डोस असतील तर रोजचे बारा तास तिथेच गेले! राउंडला मी एवढीच बेरीज सांगितली. न्यूरोसर्जन हसले आणि त्याऐवजी लेव्हेटिरासिटम हे आकडीचं दुसरं औषध लिहिलं.

त्या दिवशी आम्ही नियमही बदलला. ताशी वेगाची सक्ती काढली आणि "आठपर्यंत १००० मिली पोचवा" असं लिहिलं. मधे तास बुडाले तर सिस्टरने वेग वाढवून भरून काढायचे, वरची मर्यादा ठरवून दिलेली. चौथ्या दिवशी ९०० मिली पोचलं. मला फार आनंद झाला होता.

पाचव्या दिवशी सकाळी

फॉस्फरस १.६. दुसऱ्या दिवशी तो ३.१ होता. पोटॅशियम २.९, मॅग्नेशियमही खाली. म्हणजे फॉस्फरस जवळजवळ निम्म्यावर, आणि तोही फीड पहिल्यांदा नीट पोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी.

थोडा वाटा मॅनिटॉलचा, म्हणजे मेंदूची सूज उतरवायच्या औषधाचा असेल, त्यामुळे लघवीवाटे क्षार जातातच. पण हे चित्र मुख्यतः रिफीडिंगचं होतं. दीर्घकाळ अर्धपोटी राहिलेल्या शरीरात अन्न पडलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातला फॉस्फरस, पोटॅशियम पेशींत ओढला जातो. फॉस्फरस फार खाली गेला तर हृदयाची लय बिघडते, श्वासाचे स्नायू ढिले पडतात. पिष्टमय पदार्थ पचवायला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, लागतं. आधीच कमी असलेलं थायमिन त्यात संपलं तर मेंदूलाच इजा होते, आणि बेशुद्ध माणसात ती इजा ओळखायची कशी? दुसऱ्या महायुद्धातल्या सुटका झालेल्या युद्धकैद्यांत हा प्रकार पहिल्यांदा नीट ध्यानात आला. उपासमारीतून वाचलेली माणसं जेवण मिळाल्यावर दगावत होती.

पण हा माणूस दीर्घकाळ उपाशी होता कुठे?

ते कळलं बाहेर चहाच्या टपरीवर. त्याचा मेहुणा माझ्यामागून आला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "मॅडम, ताईसमोर बोलता येत नव्हतं. दाजी रोज घ्यायचे. दोन-तीन महिने जेवण असं नव्हतंच, रात्री नुसतं चकणा." मी पहिल्या दिवशी "दारू घेतात का?" असं विचारलं होतं आणि आई-बायकोने एका सुरात नाही म्हटलं होतं. सगळ्या खोलीसमोर असं विचारलं तर दुसरं काय उत्तर येणार? आता मी हा प्रश्न एकेकाला बाजूला घेऊन विचारते, आणि "घेतात का" असं न विचारता "संध्याकाळचं जेवण कसं असायचं" असं विचारते. उत्तर आपोआप बाहेर पडतं.

थायमिन ३०० मिलिग्रॅम शिरेतून सुरू झालं. खरं तर ते फीडच्या पहिल्या थेंबाआधी द्यायला हवं होतं. पोटॅशियम फॉस्फेट ठिबकत चढवलं, मॅग्नेशियम दिलं, आणि फीड ताशी २० मिलीवर आणलं. प्रोपोफोल बदलून मिडॅझोलॅम केलं, त्याच्याही कॅलरी नकोत म्हणून. दोन दिवस जेमतेम ४८० कॅलरी. चार दिवस ज्याच्यासाठी भांडले ते स्वतःच्या सहीने कमी करताना बरं वाटलं नाही. सातव्या दिवसाची मर्यादा आम्ही चुकवली, पूर्ण उद्दिष्ट नवव्या दिवशी गाठलं. माझ्या मते ते योग्यच होतं. रक्तातला फॉस्फरस समोर दिसत असताना मार्गदर्शक तत्त्वातला दिवस मोजत बसण्यात अर्थ नसतो.

आणि नेमकं याच दोन दिवसांत त्याच्या आईंनी आम्हाला धरलं.

त्या रोज सकाळी सहाच्या एसटीने डबा घेऊन यायच्या. डाळीचं पाणी, कधी पायाचं सूप, एकदा शहाळं. "अवो ताई, ती पांढरी पावडर घालून कुठं अंगात रगत भरायचं? माझ्या हातचं घोटभर घाला की नळीतनं." त्यात पंपावरचा वेग कमी झालेला त्यांच्या बरोबर लक्षात आला. "आधीच वाळलाय, त्यात तुम्हीच कमी केलंय."

मी त्यांना "आई" म्हणते, वयाने त्या माझ्या आईएवढ्याच. इन्सुलिन आणि फॉस्फरस सांगून काही उपयोग नव्हता. म्हटलं, "आई, कडक दुष्काळात तडकलेल्या जमिनीला एकदम पाट सोडला तर काय होतं?" त्या म्हणाल्या, "माती धुपती." मग फार बोलावं लागलं नाही. डाळीचं पाणी मात्र अवघड होतं, कारण त्यात माया होती. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं, त्याला रोज तेरा अंड्यांइतकी लागतात, आणि वरवरच्या डाळीच्या पाण्यात ती नावालाच, सगळी खाली डाळीत राहतात, असं त्यांना समजावलं. शहाळं का नको तेही सांगितलं. सूज असलेल्या मेंदूच्या रुग्णात मिठाचं प्रमाण काटेकोर ठेवावं लागतं. त्याला तीन टक्क्यांचं सलाईन चालू होतं, सोडियम रोज मोजत होतो. अशा वेळी जास्तीचं पाणी शरीरात जाणं धोक्याचं. याच कारणाने पाच टक्के ग्लुकोजचं सलाईनही या रुग्णांत टाळतात.

आईंना आम्ही एक काम दिलं. रोज त्याच्या तोंडाची स्वच्छता सिस्टरबरोबर करायची. डबा त्यांनी आणणं थांबवलं नाही, तो मेहुणा खायचा.

रक्तातल्या साखरेबद्दल थोडक्यात. पहिल्या दिवशी २४० होती, इन्सुलिनने १४० ते १८० मध्ये ठेवली. त्याहून खाली आणायचा हट्ट धरला नाही. ६१०४ रुग्णांच्या २००९ च्या नाइस-शुगर अभ्यासात कडक नियंत्रणाने मृत्यू वाढलेच होते, आणि जखमी मेंदूला साखर कमी पडणं परवडत नाही.

दहाव्या दिवशी गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवली. त्याच दिवशी जुलाब सुरू झाले, दिवसात सहा. सगळ्यांच्या नजरा माझ्या फीडकडे. औषधांची यादी काढली तर पोटॅशियमचं आणि पॅरासिटामॉलचं, दोन्ही सिरप नळीतून जात होती. एक भलतंच तीव्र, दुसऱ्यात सॉर्बिटॉल, म्हणजे पोट सैल करणारा गोडवा. एक पातळ करून दिलं, दुसऱ्याची गोळी केली. दोन दिवसांत थांबलं. फीडला हात लावला नाही.

बाराव्या दिवशी वादळं सुरू झाली. दिवसातून चार-पाचदा अंग घामाने भिजायचं, नाडी १५०, हातपाय ताठ, ताप, आणि तपासण्यांत जंतुसंसर्ग नाही. धोक्याच्या वेळी शरीराला पळायला-लढायला सज्ज करणाऱ्या सहानुभूती चेतासंस्थेवरचा जखमी मेंदूचा लगाम सुटला की असं होतं. ती शांत करायला प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं. पण प्रत्येक वादळ म्हणजे धावण्याची शर्यत, आणि त्याचं इंधन कुठून येणार? चोवीस तासांची लघवी जमवून युरियाचा नायट्रोजन मोजला, १७ ग्रॅम. त्वचा, शौच वगैरेचे ४ मिळवले तर २१. आत जात होतं ९० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे साधारण साडेचौदा ग्रॅम नायट्रोजन. रोजची तूट साडेसहा, म्हणजे रोज दोनशे ग्रॅमच्या आसपास मांस झिजत होतं. पहिल्या काही आठवड्यांत ही तूट पूर्ण भरता येत नाही, फक्त कमी करता येते. कॅलरी किलोमागे ३० केल्या, प्रथिनं २ ग्रॅम, म्हणजे १०८.

प्रथिनं अशी वाढवावीत का, यावर मतभेद आहेत. १३०१ रुग्णांच्या २०२३ च्या एफर्ट चाचणीत जास्त प्रथिनांचा फायदा दिसला नाही, आणि मूत्रपिंडाला इजा असलेल्यांत नुकसानच दिसलं. ३९५७ रुग्णांच्या २०१८ च्या टार्गेट चाचणीत जास्त कॅलरी देऊनही मृत्यू कमी झाले नाहीत. या चाचण्या सगळ्या तऱ्हांच्या आयसीयू रुग्णांवरच्या आहेत. माझ्यासमोर मूत्रपिंडं ठणठणीत असलेला, वादळात सापडलेला एक माणूस होता. मी वाढवली. दुसऱ्या कुणी नसती वाढवली तर मी भांडले नसते.

तिसाव्या दिवशी नव्या खाटेवर त्याचं वजन झालं, ४६.५. सगळं करूनही साडेसात किलो गेले होते.

त्याआधी सव्विसाव्या दिवसापासून तो डोळ्यांनी माणसं ओळखू लागला होता, सांगितलं तर हात उचलायचा. स्पीच थेरपिस्टने गिळण्याची तपासणी केली. आईंना वाटायचं, निदान पाणी तरी पाजू दे. पण अशा रुग्णाला सगळ्यात धोक्याचं पाणीच. ते पातळ आणि चपळ, घसा बंद व्हायच्या आत श्वासनलिकेत उतरतं. सुरुवात चमचाभर घुसळलेल्या केळ्याने झाली, मग चक्का, मग घट्ट नाचणी सत्त्व. नळी आणखी दहा दिवस ठेवली, कारण तोंडाने जेमतेम तिसरा हिस्सा जात होता आणि तो अर्ध्यातच दमून जायचा. पैसेही संपत आले होते, म्हणून नळीचं फीड आम्ही घरगुतीवर आणलं : दूध, उकडलेलं अंडं, शिजवलेलं सत्त्व, साखर, तेल, मिक्सरमधून काढून मलमलच्या कापडातून गाळलेलं. बायकोला दोनच गोष्टी पाठ करायला लावल्या, चार तासांवर झालेलं फेकून द्यायचं आणि दरवेळी नंतर ३० मिली पाणी सोडायचं. फेकून द्यायचं म्हटल्यावर तिचा जीव खालीवर झाला, पण पाळलं तिने.

साडेतीन महिन्यांनी हाड परत बसवायच्या आधी तो बाह्यरुग्ण विभागात आला. चालत, उजवा पाय किंचित ओढत. वजन ५०.८. दारू बंद आहे असं बायको म्हणाली, मेहुण्यानेही मान हलवली. पण वजन महिनाभर तिथेच अडकलं होतं. गिळायला त्रास नाही, पोट ठीक. बायको वैतागली होती : काहीही करून वाढा, चार घास खाऊन ताट सरकवतात.

मी त्याला डोळे मिटायला सांगून कॉफीची पूड नाकाशी धरली, मग लवंग. दोन्हींना तो "काय न्हाई" म्हणाला. कवटीच्या तळाला, कपाळामागे मार लागला की वासाचे नाजूक तंतू तुटतात, आणि वास गेला की चवीतलं बहुतेक सगळं जातं. आयसीयूत हे कुणाच्या लक्षात येत नाही, घरी गेल्यावर ताटावर कळतं.

मग त्याला विचारलं, खाताना काहीच कळत नाही का? तो थोडा वेळ थांबला. त्याला शब्द अजून उशिरा सुचतात.

"ठेचा कळतो," म्हणाला.

तिखटाचा झणका वासाच्या वाटेने जातच नाही, त्याची नस वेगळी. लिंबाचा आंबटपणा, भाजलेल्या शेंगदाण्याचा कुरकुरीतपणा, गरम भाकरीची वाफ, हेही असंच दुसऱ्या वाटेने पोचतं. त्याच्या नव्या तक्त्यावर मी दही-भाकरी, उसळ, अंड्याची भुर्जी आणि प्रत्येक जेवणाला ठेचा लिहिला. आईंनी कागद हातात घेतला, वाचता येत नसल्याने सुनेकडे दिला, आणि मिरच्या कुठल्या घ्यायच्या ते मला विचारलं.